बाबांचं पीठ, माझे पाय

प्रिय उसवी,

हे पत्र मी पिठाच्या पिशवीत घालून पाठवतेय, तेव्हा आधी ते खिडकीबाहेर नीट झटक आणि मगच वाचायला बस. नाहीतर मांडीभर पीठ होईल आणि माझ्या नावाने खडे फोडशील. तुझ्या बाबांना या पत्राचा पत्ता नाही. पिशवीचं तोंड दर आठवड्याला मीच शिवते, ते समोर बसून सुईत दोरा ओवून देतात. उद्या शिवायच्या वेळी त्यांना आतल्या खोलीतून कात्री आणायला पाठवीन आणि तेवढ्यात हे आत सरकवीन. त्यांना जाऊन यायला हल्ली वेळ लागतो, तेवढा मला पुरेल. या वयात चोऱ्या करायला लागलेय बघ.

अक्षराला हसू नकोस. डावा डोळा तर गेलाच, उजव्याने नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. म्हणून एका पुठ्ठ्याला ओळीएवढी खाच कापलीय. पुठ्ठा कागदावर ठेवायचा, खाचेत लिहायचं, ओळ भरली की खाली सरकवायचा. त्यामुळे मला एका वेळी एकच ओळ दिसते. वर काय लिहिलंय ते झाकलेलं असतं, आणि खरं सांगू का, ते बरंच आहे. मागचं वाचता आलं असतं तर मी हे पत्र केव्हाच फाडून टाकलं असतं. फोनही दोनदा लावला तुला. दोन्ही वेळा तू हॅलो म्हणालीस आणि मी ठेवून दिला. रॉंग नंबर समजून तू चिडली असशील.

तुला आठवतं की नाही कोण जाणे, शाळा सुटली की तू घरी जायच्या आधी माझ्याकडे यायचीस. रोज काहीतरी उसवलेलं. कधी काखेत, कधी कमरेत, एकदा तर अख्खी बाही हातात घेऊन आलीस आणि शांतपणे म्हणालीस की ही पडली. तुला स्टुलावर उभी करून मी अंगावरच टाके घालायची, हलू नकोस म्हणून दटावायची, आणि तू मुद्दाम हलायचीस. तुझं नाव उसवी मीच पाडलं, आणि माझं टीपमावशी तू. तुझी आई खिडकीतून ओरडायची, अगं तिला जेवायला तरी पाठव. तुझी आई गेली तेव्हा तू दहावीत होतीस. तुझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवसाचा कुर्ता मी रडत रडत शिवला होता आणि एक खांदा चुकला होता. तू तो तसाच घातलास, काही बोलली नाहीस. मला ते कळलं होतं.

इथलं सगळं ठीक. माझ्या खालचा इस्त्रीवाला आता वाफेची इस्त्री घेऊन आलाय, दिवसभर फुसफुस चालू असते, गल्लीत कुणीतरी सतत नाक शिंकरतंय असं वाटतं. बेकरीवाल्याला जुळ्या मुली झाल्या. तो दोघींना सारखे कपडे शिवून द्या म्हणून माझ्याकडे आला होता, त्याला मी मशीन बंद केल्याचं सांगितलं तर त्याचाच चेहरा पडला. मशीन झाकून वर्ष झालं. काळा आणि निळा दोरा ओळखता येईनासा झाला तेव्हाच मी समजले होते, पण शेवटी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाला पिवळ्या दोऱ्याने कॉलर लावली आणि त्याने बिचाऱ्याने छान आहे म्हणून घेतला, तेव्हा मात्र मी चाकाचा पट्टा काढून ठेवला.

हात रिकामे झाले त्याचं इतकं काही वाटलं नाही, उसवी. पण पाय ऐकेनात. पन्नास वर्षं ते खाली हलत होते. खुर्चीत बसले तरी हलायचे, जेवताना हलायचे, आडवी झाले तरी चादरीखाली हलायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही आजार नाही, त्यांना काम द्या. आता या वयात पायांना कोण काम देणार. ते तुझ्यामुळे मिळालं, तुझ्या नकळत.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला सुरुवातीपासून लिहू दे. मागच्या वर्षी बाबा न्हाणीत घसरले, तू धावत आलीस, एक्स-रे काढला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडल्याने काही झालेलं नाही, पण डाव्या खुब्याचा सांधा झिजलाय, तो बदलायला हवा. तू तारीखही घेतलीस. आणि त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकापाशी बाबा थांबले ते थांबलेच. तू हात धरून ओढत होतीस आणि ते फाटकाचा गज धरून उभे होते, एवढा मोठा माणूस. तुझी आई त्याच फाटकातून एका साध्या ऑपरेशनसाठी चालत आत गेली होती, जाताना दुधाचं पातेलं झाकायला सांगून. ते तू विसरली नव्हतीस, म्हणून तू हात सोडलास. तुला त्यासाठी मी कधीच बोल लावणार नाही.

मग तीन दिवस तुमचा वाद. शेवटी तू ती दगडाची छोटी चक्की मागवलीस आणि म्हणालीस, ठीक आहे, दुखत नाही म्हणता ना, मग दाखवा. डॉक्टरही नाखुशीने कबूल झाले की रोज अर्धा तास पेडल मारता येत असेल तर सहा महिने थांबून बघू. बाबांना तर खेळणंच मिळालं. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते ते, दोन दिवसांत तुझी शाळेतली सायकल माळ्यावरून काढली, मागचं चाक सोडवलं, चेन चक्कीच्या दांड्याला जोडली, वर गहू ओतायला पत्र्याचं नरसाळं, खाली पिठाला डबा. तुझा करार असा की आठवड्याला दोन किलो पीठ, स्वतःच्या पायांनी दळलेलं, आणि ते तुला पाठवायचं, त्याचा तू रविवारी पाव भाजणार. जाताना मला म्हणालीस, मावशी, फोनवर ते मजेत आहे म्हणतील, पण पीठ तसं उगाच म्हणणार नाही. किती खूश होतीस तू स्वतःच्या युक्तीवर.

उसवी, पहिल्या आठवड्याचं पीठ बाबांचं होतं. त्यानंतरचं, आठ महिन्यांचं जवळजवळ सगळं, माझ्या पायांचं आहे.

पुठ्ठा खाली सरकवलाय. आता ती ओळ मला दिसत नाही.

तेरा दिवस त्यांनी दळलं, खोटं नाही सांगत. चौदाव्या दिवशी मी त्यांच्या शर्टाची बटणं लावून घेऊन गेले, बटणं मला चाचपून लावता येतात. दार उघडं आणि चक्कीचा आवाज बंद. ते सीटवर बसलेले, चेहरा पांढराफटक, उजवा पाय जमिनीवर आणि डावा पेडलवर तसाच. उतरता येत नव्हतं त्यांना. मला बघून म्हणाले, जरा विचार करत बसलोय. मी म्हटलं, विचार खुर्चीवर बसूनही करता येतो. मांडीखाली हात घालून पाय सोडवला, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. डबा काट्यावर ठेवला तर सव्वा किलो. कुरिअरवाला दुपारी येणार होता. ते नुसते डब्याकडे बघत राहिले. मी चपला काढल्या आणि सीटवर चढले. फक्त या आठवड्यापुरतं, असं मी बजावलं, आणि ते इतक्या चटकन हो म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

कशाला खोटं बोलू, मला आनंद झाला. पाय पेडलवर गेले आणि घरी आल्यासारखे वागायला लागले. पाऊण किलो कधी झालं कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी मीच चाचपडत त्यांच्याकडे गेले, काही निमित्तही काढलं नाही. तेव्हा बाबांनी मला फसवलं, भरीला घातलं, असं काही मनात आणू नकोस. आम्ही दोघंही तेवढेच लबाड.

आता त्या भरडीची गोष्ट ऐक. सुरुवातीला तू तक्रार करायचीस, पीठ छान आहे पण मधेच कणीदार लागतं. बाबांना ते फार लागलं. चाळीस वर्षांचा फिटर आणि त्याची चक्की दर थोड्या वेळाने सैल पडते म्हणजे काय. तीन आठवडे त्यांनी ती उघडली, पुसली, वायसर बदलले, चक्की बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. त्यांनी दोन दगड जवळ धरणारा नट आवळावा, मी दळायला बसावं, आणि अर्ध्या तासात दगडांमध्ये फट. शेवटी एकदा ते गहू ओतायचं सोडून खाली माझ्या पायांकडे बघत बसले. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, टेलरबाई, तुम्ही बाही शिवताय का? मी दचकलेच, कारण मी खरंच बाही शिवत होते. मनातल्या मनात, अगं. बाहीएवढं अंतर झालं की टाच दाबून थांबायचं, कापड फिरवायचं, पुन्हा सुरू. मशीनवर टाच दाबली की चाक जागच्या जागी थांबतं. इथे दांडा थांबायचा पण दगड जड, तो पुढे जाऊ बघायचा, आणि दर वेळी नट केसभर सैल व्हायचा. बायकांच्या एका झग्यात चार शिवणी, मी दिवसाला तीन झगे शिवत होते, नट बिचारा काय करणार.

मी ओशाळले. म्हटलं, आता नाही थांबणार, सवय मोडीन. तर म्हणाले, पन्नास वर्षांची सवय कशाला मोडायची, नट तासाभराचं काम आहे. आणि त्यांनी मागून दुसरा नट घालून पहिल्याला अडकवून टाकला. त्या दिवसापासून मी हवे तेवढे झगे शिवते आणि तुला पीठ एकसारखं मिळतं.

पण त्याच्या आधीच्या आठवड्यात तुझा फोन आला होता, आठवतं? फोन स्पीकरवर होता आणि मी सीटवर. तू भरडीबद्दल विचारलंस आणि बाबा म्हणाले, दमलो की थांबतो गं, म्हणून होतं तसं. तर तू म्हणालीस, बाबा, एवढं नका दमू, दीड किलोही चालेल. मी खाली उतरले आणि चहा न घेता घरी आले. दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. तुला आत्ताच सांगायला हवं असं त्या तिसऱ्या दिवशीही वाटलं, आणि चौथ्या दिवशी थोडं कमी वाटलं. असंच होतं ते.

आणि तो व्हिडिओ कॉल. तू हट्टच धरलास की मला दळताना बघायचंय. बाबांनी आदल्या दिवशी तालीम घेतली माझ्याकडून. स्वतः सीटशेजारी उंच स्टुलावर बसले, हँडल धरलं, फोन असा टेकवला की त्यांचा चेहरा आणि नरसाळं एवढंच दिसावं. मी सीटवर ओणवी, डोकं खाली घालून, पेडल मारतेय. एवढ्यावर थांबायचं की नाही. पण नाही, त्यांना अभिनय सुचला. धापा टाकायला लागले, खांदे हलवायला लागले, रुमालाने कपाळ पुसायला लागले, आणि कहर म्हणजे मधेच म्हणाले, चढ लागला बहुतेक. चक्कीला कसला चढ आलाय. हसू दाबून दाबून माझ्या पोटात दुखायला लागलं. तू विचारलंस, बाबा, कुणी रडतंय का तिथे. ते म्हणाले, मांजर आलंय. तू फोन ठेवल्यावर आम्ही दोघं इतके हसलो की मला पाणी प्यावं लागलं. तुला फसवून हसत होतो, हे मला आता लिहिताना जास्त लागतंय. तेव्हा मात्र खूप वर्षांत इतकी हसले नव्हते मी.

रोजचं सांगू तुला? सकाळी साडेनऊला मी जाते. ते गहू निवडून ठेवतात, कारण खडे मला दिसत नाहीत. मी दळते, ते पेपर वाचून दाखवतात, आधी मथळे, मग अपघात, मग हवामान. राजकारण मला आवडत नाही म्हणून ते मनात वाचतात आणि मनातच चिडतात, मला त्यांच्या नाकाच्या आवाजावरून कळतं. माझी दोऱ्यांची रिळं त्यांनी डब्यांत रंगाप्रमाणे लावून दिलीत आणि प्रत्येक डब्याच्या झाकणाला कानशीने खाचा घातल्यात, एक खाच काळा, दोन निळा, तीन पांढरा. मी आता कपडे शिवत नाही हे त्यांना माहीत आहे. तरी लावून दिलीत.

आता खरं ते लिहिते. तीन महिन्यांपूर्वी ते एक पँट घेऊन आले, डावा पाय टाचेखाली येतो म्हणाले. मी अर्धा इंच दुमडून दिला. मनात म्हटलं, धुऊन धुऊन कापड सैल झालं असेल. धुतल्यावर एकच पाय कसा सैल होईल, हे पन्नास वर्षं पँटी शिवलेल्या बाईने स्वतःला विचारलं नाही. विचारायचं नव्हतं मला. मागच्या आठवड्यात तीच पँट पुन्हा. पुन्हा डावाच पाय. या वेळी मी म्हटलं, उभे राहा, नवीन माप घेते. माझ्या टेपला मी दर इंचावर दोऱ्याची गाठ घातलीय, बोटाने मोजता येतं. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. कंबर सरळ धरायला लावली, भिंतीला टेकून उभं केलं, तरी तेच. डावा पाय सव्वा इंचाने कमी. ते वरून म्हणाले, काय, वाढलो का मी. मी म्हटलं, हो, वाढलात.

दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं की डोळे तपासायला जातेय आणि त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. एकटी, पावलं मोजत, दोनदा चुकले. डॉक्टरांनी फाइल काढायला लावली आणि मलाच विचारलं, हे सहा महिन्यांनी येणार होते ना? उसवी, ते गेलेच नव्हते. तुला सांगितलं जाऊन आलो, डॉक्टर खूश आहेत. मला सांगितलं तेच. तपासणीला जायच्या दिवशी मी त्यांच्या शर्टाला इस्त्री करून आणली होती खालून. ते घरातून निघाले, कोपऱ्यावरच्या बाकावर दोन तास बसले आणि परत आले. हे त्यांनी परवा कबूल केलं, मी विचारल्यावर, मान खाली घालून. मी तुला फसवत होते आणि ते मलाही फसवत होते, म्हणजे मला कुणावर रागावताही येईना.

डॉक्टर म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. सांधा आता बदलला तर साधं काम आहे, तीन-चार महिन्यांत माणूस काठीशिवाय चालेल. वर्ष काढलं तर वरचं हाडही झिजेल, मग ते किती चालतील याची कुणी खात्री देणार नाही. पेडल मारता येत नव्हतं हे तेव्हाच कळलं असतं तर मी एक दिवस थांबलो नसतो, असंही म्हणाले. ते त्यांनी रागाने नाही म्हटलं. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

हे वाक्य मी याआधी ऐकलंय. माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी म्हटलं होतं, काचबिंदू आहे, दोन वर्षं आधी आला असतात तर हा डोळा राहिला असता. दोन वर्षं मी काय करत होते? शाळेचे गणवेश आहेत, ते झाले की जाईन, लग्नाचा हंगाम आहे, तो सरला की जाईन. कडेचं दिसेनासं झालं तर मान जास्त वळवायची. शेजारीण म्हणायची तुमच्याऐवजी मी दोरा ओवून देते, गिऱ्हाईक म्हणायचं उजेडात बसा, सगळे माझ्यावर माया करत होते आणि डोळा जात होता. तेच मी तुझ्या बाबांना केलं. मायेने केलं, ते खरंच. पण पाय त्यांचा झिजला.

म्हणून तुला न विचारता मी पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेची वेळ घेऊन आलेय. तू आठवडाभर आधी ये. मी सांगितलं तर ते रुसतील, पेपर मोठ्याने वाचायचं बंद करतील, एवढंच. तू समोर असलीस की त्यांना खोटं बोलता येत नाही, फोनवरच येतं. फाटकापाशी पुन्हा थांबले तर या वेळी तू हात सोडू नकोस. दुसरा हात मी धरीन, आणि मला तर फाटक दिसतही नाही, त्यामुळे मी थांबणार नाही. माझ्यावर चिडायचं असेल तर मनसोक्त चीड, पण ते ऑपरेशननंतर. पिठाचं मी सांगितलं म्हणूनच कळलं असं त्यांना सांगून टाक. आणखी एक लपवाछपवी मला नको.

आता शेवटचं, आणि यासाठीच खरं तर मी पुठ्ठा घेऊन बसले. मागच्या रविवारी गहू ओतता ओतता बाबांनी मला विचारलं, इकडेच राहायला का येत नाही तुम्ही. आधी माझ्या डोळ्यांचं कारण दिलं, मग दोन खोल्या रिकाम्या आहेत म्हणाले, मग गहू ओतायचे थांबले आणि म्हणाले, कारणं सोडा, तुम्ही गेल्यावर मला दुपार जात नाही. तुझी आई माझी मैत्रीण होती, तिच्या जागेवर बसायची मला हाव नाही, आणि तुला हे पटलं नाही तर तसं सरळ सांग, मी समजून घेईन. पण तुला पटो न पटो, ऑपरेशन मात्र व्हायलाच हवं. माझ्या तोंडावर हो आलं होतं, उसवी, अगदी ओठांपर्यंत. पण मी हो म्हटलं असतं तर सगळं असंच छान चालू राहिलं असतं. त्यांनी ओतायचं, मी दळायचं, तू पाव भाजायचा, आणि दोन वर्षांनी ते खुर्चीत बसून राहिले असते, आणि त्यांना तिथे बसवणारी मी. म्हणून मी म्हटलं, असं पीठ उडत असताना विचारतात का, माझ्या खोलीवर या आणि विचारा, इतक्या वर्षांत एकदाही आला नाहीत. ते पुन्हा गहू ओतायला लागले. दुसऱ्या दिवशी पेपर वाचायच्या आधी हळूच म्हणाले, उत्तर खाली येऊ शकत नाही का. मी म्हटलं, नाही. तेव्हा तू ये, आणि डॉक्टरांना माझ्या वतीने नीट विचारून घे. इस्त्रीच्या दुकानाशेजारून वर एकोणीस पायऱ्या आहेत, मधे एक वळण आहे, कठडा उजव्या हाताला आहे. एवढं चढून यायला त्यांना किती महिने लागतील? मी तोवर थांबेन.

तुझीच, अजून तुझा चुकलेला खांदा न विसरलेली,
टीपमावशी